रिंग फिरवून बघायची असते

बालाजी घाट, वाराणसी
६ फेब्रुवारी २०२४

चि. मुक्ते,

तुझं पार्सल काल पोचलं. पोस्टमननं खाली गल्लीतूनच आवाज दिला, "पंडितजी, पुणे से टीव्ही आया है." मी पंडित नाही आणि तो टीव्ही नाही, पण त्याच्याशी वाद कोण घालणार. इंदूनं ती तुझी टॅबलेटची पाटी खोक्यातून काढली आणि लगेच हळदकुंकवाची कोयरी शोधायला लागली. काचेवर लावू नकोस, मुक्ता रागावेल, असं मी म्हटलं, तरी मागच्या बाजूला एक बोट टेकवलंच तिनं.

तू फोनवर सगळं समजावणार होतीस. पण आपला करार आहे ना? फोनवर दोन मिनिटांत तू हिंदीवर घसरतेस, मग मीही घसरतो. महत्त्वाचं काय असेल ते कागदावर आणि मराठीत. तुला पुण्यात मराठी ऐकायला ढीगभर माणसं आहेत. मला इथं तुझ्या काकूशिवाय कोण आहे? आणि ती तर दिवसभर मला नुसत्या सूचना देते.

आता काम. मला जे समजलं ते लिहितो, चुकलं तर कान पकड. आमच्या गोपीनाथबाबूंच्या रामनगरच्या कारखान्यात ट्यूबवेलच्या पंपाच्या पितळी रिंगा होतात. त्यातली चांगली कुठली आणि तडा गेलेली कुठली, हे सव्वीस वर्षं मी सांगत आलो. आता तुझी कंपनी तिथं कॅमेरा बसवणार. कॅमेरा फोटो काढणार आणि संगणक सांगणार की ही ठेवा, ही टाका. पण संगणकाला आधी शिकवायला मास्तर लागतो, तो मास्तर मी. पाटीवर पंधराशे फोटो आहेत. रिंग चांगली तर हिरवं बटण, खराब तर लाल. बरोबर?

एक शिकायत आहे. मी रिंग कशी बघतो ते तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून पाहिलंयस. डाव्या हाताच्या दोन बोटांवर चढवायची आणि उजव्या हातानं हळूहळू एक पूर्ण फेरी द्यायची. तुझ्या फोटोतली रिंग फिरतच नाही. म्हणून मी शहाणपणा करून पाटीच फिरवली, तर चित्रही आपलं फिरून पुन्हा सरळ उभं. चार वेळा फिरवली, चारही वेळा तेच नाटक. इंदू पदर तोंडाला लावून हसत होती. तेवढी फिरवायची काही सोय कर बघ.

तब्येत सांभाळ. डब्यातलं गार जेवू नकोस.

तुझा,
ढुंढिराज काका


पुणे
१६ फेब्रुवारी २०२४

प्रिय काका आणि काकू,

पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच हसत बसले. शेजारी बसणाऱ्या कस्तुरीला वाटलं कुणीतरी खास माणसानं पाठवलंय. मी म्हटलं, हो, खासच आहे, एकसष्ट वर्षांचा आहे आणि पाटी फिरवतो.

काम तुम्हाला शंभर टक्के समजलंय. संगणक काय करतो तेही सांगते, म्हणजे तुमच्या शिष्याची ओळख होईल. तो आधी फोटोत रिंगेची बाहेरची कड आणि आतली कड शोधतो. मग ती रिंग एका जागी कापून सरळ पट्टी करतो, तुटलेली बांगडी सरळ करावी तशी. त्या पट्टीवर कुठं काळी रेघ दिसली, कुठं कड आत गेलेली दिसली, की तिथं खोट. आणि ती खोट रिंगेवर नेमकी कुठं होती हे तो घड्याळासारखं सांगतो, म्हणजे तीनला, सहाला, नऊला. पण काळी रेघ म्हणजे तडा की नुसता तेलाचा डाग, हे त्याला कळत नाही. ते तुमच्याकडूनच शिकायचंय त्यानं.

फोटो फिरवायची गरज नाही हो काका. पूर्ण रिंग समोरच असते, एका नजरेत सगळी दिसते. उगीच पाटीशी कुस्ती खेळू नका.

आता जरा गंभीर. कंपनीनं माझ्या एकटीच्या नावावर दिलेलं हे पहिलं काम आहे. गोपीनाथबाबूंना मी मुद्दाम गळ घातली, कारण या वयात तुम्ही रोज गंगा ओलांडून जाता-येता, दिवसभर उभे राहता, ते मला बघवत नाही. त्यांनी मला शब्द दिलाय. एप्रिलच्या चाचणीत कॅमेरा नीट चालला तर तुम्ही त्याच्या शेजारी खुर्चीत बसून त्याच्यावर देखरेख करायची, जमेल तोवर. नाही चालला तर कानपूरची एक कंपनी तयार बसलीय, आणि ते आपली माणसं घेऊन येतात. म्हणजे माझं काम जाईल आणि तुमचंही. सगळं त्या पंधराशे उत्तरांवर आहे. मी साहेबांना सांगून टाकलंय की माझ्या काकांची नजर म्हणजे नजर.

आणि एक, माझ्याकडूनही शिकायत. शाळेत असताना मला समास सोडायला तुम्हीच शिकवलंत, पण तुमच्या पत्रातला समास वरून खाली रुंदच होत जातो. शेवटच्या ओळीला अर्धा कागद कोरा. एवढी श्रीमंती कधीपासून?

तुमची,
मुक्ता


बालाजी घाट
७ मार्च २०२४

चि. मुक्ते,

कागद माझा, शाई माझी, समासही माझा. तू तुझ्या वर्तुळांचं बघ.

तेराशे फोटो झाले. रोज कारखान्यातून आलो की चहा घेऊन खिडकीशी बसतो आणि दिवेलागणीपर्यंत हेच. इंदू म्हणते, लग्नात माझ्याकडं एवढं टक लावून बघितलं नव्हतंत. मी म्हटलं, तुझ्यात खोट शोधायची नव्हती. त्यावर तिनं दुसरा चहा दिला नाही.

खरं सांगू, मजा येते आहे. सव्वीस वर्षं मी रिंगा बघितल्या, पण मी काय बघतो असं मला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या पाटीमुळं मी स्वतःलाच विचारायला लागलो. तेलाच्या डागाची कड मऊ असते, तड्याची नसते. हे मला माहीत होतं, पण शब्दांत आत्ताच आलं. काही फोटो मात्र आधी पाहिल्यासारखे वाटतात. पितळ सगळं सारखंच दिसतं म्हणा.

कारखान्यात माझी थट्टा चालते. खरादीवरचा, म्हणजे लेथवरचा, बिंदुमाधव परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "पंडितजी, आप तो अपनी ही कुर्सी काट रहे हैं." मी म्हटलं, "फिकर मत करो, मास्टर जितना सिखाएगा उतना ही सीखेगा. थोडा मैं अपने पास रख ले रहा हूँ." गोपीनाथबाबू मागंच उभे होते, तेही हसले.

आठवड्यापूर्वी घाटाच्या पायरीवर ठेचकाळलो, अंगठ्याचं नख गेलं. चप्पल जुनी झालीय. इंदूनं तुला फोनवर वाढवून सांगितलं असेल तर लक्ष देऊ नकोस. नावेनं जाणं सोडलंय, ऑटोनं जातो. होळीपर्यंत तुझं काम पुरं करून देतो. तुझ्या साहेबांना सांग, मास्तर वेळेचा पक्का आहे.

तुझा बाप, माझा वासुदादा, असता तर आज तुझी ऐट बघून गल्लीभर पेढे वाटत फिरला असता. तुझ्या आईबापांच्या मागं आम्ही तुला वाढवलं ते बरं वाढवलं असं मला या महिन्यात पहिल्यांदा वाटलं. एवढं लिहून थांबतो, नाहीतर तू चढून बसशील.

काका


पुणे
४ एप्रिल २०२४

काका,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहितेय ते तसंच पाठवणार आहे.

चाचणी फसली. तुम्ही त्या दिवशी कारखान्यात सुट्टीवर होतात, म्हणून तुम्हाला कळलं नसेल. गोपीनाथबाबू होते, आमचे साहेब खास पुण्याहून तिकडं गेले होते, आणि मी इथून व्हिडिओवर बघत होते. कॅमेऱ्यासमोर चाळीस रिंगा ठेवल्या. तडा गेलेल्या रिंगांपैकी कितीतरी त्यानं खुशाल पास केल्या. एक रिंग तर गोपीनाथबाबूंनी हातात घेऊन साहेबांसमोर धरली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग मी बसून कारण शोधलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण पंधराशे फोटोंत दोनशे रिंगा मी दोन-दोनदा घातल्या होत्या. तोच फोटो, फक्त दुसऱ्या वेळी फिरवलेला. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. उत्तरं देणारा माणूस थकलाय का, घाई करतोय का, हे कळावं म्हणून सगळ्यांच्या कामात तसं करतात. चांगल्या रिंगांत तुमची एकही चूक नाही. पण तडा गेलेल्यांपैकी एकसष्ट रिंगांना तुम्ही एकदा लाल दिलंय आणि एकदा हिरवं. तीच रिंग, तोच तडा. आणि तो काही केसाएवढा बारीक नव्हता काका. आमच्या ऑफिसात चहा देणाऱ्या बाईंना दाखवला, त्यांनी लांबून बोट ठेवलं.

सव्वीस वर्षं रिंगा बघणाऱ्या माणसाला तो दिसला नाही, हे मी कसं मानू? एकदा दिसतो आणि एकदा दिसत नाही? थकवा म्हणावा तर चुका पहिल्या दिवसापासून आहेत. मग तुमचं ते वाक्य आठवलं. थोडा मैं अपने पास रख ले रहा हूँ. मी ते वाचून हसले होते. गोपीनाथबाबूंनीही आता तेच वाक्य मला ऐकवलं.

तुम्हाला कॅमेरा नको होता तर मला सांगायचं होतंत. मी हे काम घेतलंच नसतं. तुम्ही मला "मजा येते आहे" असं लिहीत राहिलात आणि तिकडं चुकीची बटणं दाबत राहिलात. ऑफिसात माझी जी शोभा झाली ती मी सोसेन. पण माझ्याशी खोटं तुम्ही बोललात, याचं मला इतकं वाईट वाटतंय की जेवण जात नाही.

अहवालात मला कारण द्यावं लागलं. मी लिहिलं की शिकवणाऱ्यानं जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिली. त्याची प्रत गोपीनाथबाबूंना गेलीय. खरं होतं ते लिहिलं.

मुक्ता


बालाजी घाट
१५ एप्रिल २०२४

चि. मुक्ता,

पत्र मिळालं. तू लिहिलंस ते खरं आहे. मी मुद्दाम केलं. म्हातारपणी माणसाला जागा सोडवत नाही, त्यातलाच हा प्रकार समज. तुझी फजिती होईल एवढा विचार मी केला नाही, त्याची मला शरम वाटते.

परवा गोपीनाथबाबूंनी बोलावलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले. त्यांची काही चूक नाही. तुझीही नाही. तुझ्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

पाटी वेगळ्या पार्सलनं परत पाठवली आहे, काच शाबूत आहे. पुढचा जो कोणी मास्तर नेमशील त्याच्या हातात खरी रिंग दे, फोटो देऊ नकोस.

काकूला फोनवर यातलं काही विचारू नकोस. आणि इतक्यात पत्र लिहायचीही घाई नको. तू तुझं काम कर. तू काम चांगलंच करतेस.

ढुंढिराज


पुणे
११ सप्टेंबर २०२४

काका,

पाच महिने मी तुम्हाला लिहिलं नाही. फोन केला की काकू "बरे आहेत" एवढंच सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या, आणि मी पुढं विचारायचे नाही. मला अजून राग होता. आता त्या रागाचीच मला लाज वाटते.

परवा कस्तुरीनं नव्या कामासाठी तुमची जुनी उत्तरं मागितली. मी म्हटलं, ती टाकाऊ आहेत, माणूस खोटं बोलत होता. तिनं सहज विचारलं, चुका कुठल्या कोनात आहेत ते बघितलंस का? मी बघितलं नव्हतं. किती चुका आहेत ते मोजलं होतं, कुठं आहेत ते नाही. हे मी रोज रिंगांच्या बाबतीत करते, काका, तेच माझं काम आहे. माणसाच्या बाबतीत सुचलं नाही.

मग तुम्ही हिरवं दिलेला एकेक तडा मी घड्याळावर ठिपक्यानं मांडला. मुद्दाम चुकणारा माणूस कुठंही चुकतो, इकडं एक, तिकडं एक. तुमचे सगळे ठिपके सहा आणि नऊच्या मध्ये पडले. खालच्या डाव्या भागात. बारापासून सहापर्यंत आणि नऊपासून बारापर्यंत तुमची चूक शून्य आहे. बाराशेच्या वर फोटोंत शून्य. आमच्या ऑफिसात एवढं बरोबर कुणाचंच नाही. तोच तडा फिरून वर आला की तुम्ही लगेच लाल दिलंयत. तो खाली डावीकडं गेला की तो तुमच्यासाठी नव्हताच.

तुम्हाला तिथलं दिसत नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. तुमच्या पत्रातला खाली खाली रुंद होणारा समास, ज्याची मी टिंगल केली. घाटाची पायरी, अंगठ्याचं नख, सोडलेली नाव. डाव्या पायाचाच अंगठा असणार, हो ना? आणि तुम्ही पहिल्याच पत्रात मला सरळ सांगितलं होतंत की रिंग फिरवायची सोय कर. हातात रिंग फिरते म्हणून तुमचं सव्वीस वर्षांचं काम शेवटच्या दिवसापर्यंत चोख राहिलं. मी तुमच्या हातून रिंग काढून घेतली आणि एका नजरेत सगळी दिसते म्हणून सांगितलं. त्या पाटीत चित्र फिरू न देण्याचं एक बटण असतं. ते दाबलं असतं तर तुम्ही पाटी फिरवून फिरवून बघितलं असतंत आणि यातलं काहीही झालं नसतं. तेवढं एक बटण मी दाबलं नाही, तुमची थट्टा केली.

मला हा काचबिंदू वाटतो. मी डॉक्टर नाही, पण वाचलं ते सगळं जुळतंय. आधीच तपासलं असेल तर सांगा, नसेल तर हे पत्र मिळेल त्या दिवशी जा. काकू, तुम्ही यांना हात धरून घेऊन जा.

पण काका, तुम्ही हो का म्हणालात? मी तुम्हाला खोटारडं म्हटलं आणि तुम्ही कबूल केलंत. एक ओळ लिहायची होती, मुक्ते, मला दिसत नाही. मी रात्रीची गाडी पकडून आले असते.

तुमचं काम मी घालवलं. गोपीनाथबाबूंना खरं काय ते कळवावं असं मला वाटतं. पण या वेळी आधी तुम्हाला विचारते. मागच्या वेळी विचारलं नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी स्वतः येऊन त्यांच्यासमोर सांगेन, माझ्या साहेबांसमोरही सांगेन.

मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही. दिवाळीला घरी येऊ का?

तुमची मुक्ता


बालाजी घाट
२९ सप्टेंबर २०२४

चि. मुक्ते,

अक्षर इंदूचं आहे, बोलणं माझं. मी सांगतो आणि ती लिहिते. मध्ये मध्ये कुरकुर ऐकू येतेय, ती ती लिहीत नसावी.

तू ओळखलंस. मला अभिमान वाटला. माझ्या चुकांचं घड्याळ मांडलंस आणि त्यातून माझा डोळा वाचलास, हे इथल्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. हो, काचबिंदूच आहे, इथं त्याला काला मोतिया म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात कळलं होतं. डावा डोळा तेव्हाच गेल्यात जमा होता आणि उजव्याचा खालचा डावा कोपरा जायला लागला होता. थेंब दिले होते. ते घातले की डोळे लाल व्हायचे आणि कारखान्यात लोक विचारायचे, म्हणून सोडून दिले. इंदूलाही सांगितलं नव्हतं. मूर्खपणा होता, पण रिंग हातात फिरत होती तोवर मला काही अडलं नाही. फोटोतही मला वाटायचं की सगळं दिसतंय. जे दिसत नाही तिथं काळं दिसत नाही ग, तिथं चांगलं पितळच आहे असं वाटतं. तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मला कळलं की काय झालं असणार.

हो का म्हणालो ते सांगतो. आंधळा माणूस रिंगा पास करत होता असं बाहेर फुटलं असतं तर दोन वर्षांचा सगळा माल परत आला असता, आणि त्यात एकही रिंग खराब नव्हती. बिंदुमाधव आणि बाकीचे बारा जण घरी बसले असते. शिवाय तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू नोकरी सोडून दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असतीस. त्यापेक्षा खोटारडा काका बरा, असा हिशेब मी केला. आणि एक खरं सांगतो, तुझ्या पत्रानं मी फार दुखावलो होतो. वाटलं, हिला हे पटू शकतं तर पटू दे. तेवढा हट्टीपणा माझा.

गोपीनाथबाबूंना काही सांगू नकोस. ते आता मिटलंय.

आता डाव्यानं काही नाही, उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं मधलं थोडं दिसतं. इंदूचा चेहरा बघायचा तर आधी नाक शोधतो, मग कपाळाकडं सरकतो. रोज एक फेरी देतो. डॉक्टर म्हणाले, व्हायचं ते होणारच होतं, कुणाच्या हातात काही नव्हतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा.

दिवाळीला ये. विचारायचं काय त्यात, घर तुझं आहे.

तुझा,
काका

मुक्ता, इथून पुढचं माझं आहे. त्यांनी सांगितलेलं नाही.

डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. एप्रिलमध्ये आणलं असतं तर उजवा डोळा बराच राहिला असता, असं म्हणाले. ते माझ्यासमोर म्हणाले, यांच्याही समोर म्हणाले. यांनी मला तुला वेगळं लिहायला लावलं, मी लिहिलं. पण तुला खोटं वाचायला देऊन मी झोपू शकणार नाही.

तुझं एप्रिलचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. चष्मा सापडत नाही म्हणाले, मला खरंच वाटलं. जाणूनबुजून या शब्दाशी मी थांबले, तर म्हणाले, पुढं वाच. नंतर तुला उत्तर लिहायला बसले आणि मी विचारलं, हे खरं आहे का, तर हो म्हणाले. मी मानलं. मुक्तानं मोजून बघितलंय म्हणजे खरंच असणार, असं वाटलं मला. पोरीच्या अन्नावर उठलेला माणूस म्हणून एप्रिल, मे, जून मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट वाढायचे आणि तोंड फिरवून आत निघून जायचे. ते दारापर्यंत माझ्याकडं बघत राहायचे, एवढं मला कळत होतं. मला वाटायचं की बघू देत, शरम वाटू दे. जुलैत उजव्या डोळ्यानंही धड दिसेना तेव्हा शिबिराचं सांगितलं त्यांनी, आणि तुला कळवायचं नाही म्हणून बजावलं. त्यांना मी पुरती दिसत होते ते शेवटचे तीन महिने होते, आणि तेव्हा मी त्यांना पाठ दाखवत होते.

मी तुला न्हाऊमाखू घातलंय, तुझ्या वेण्या घातल्यात. तरी मला तुझा राग येतोय. जितका तुझा येतो तितकाच माझाही येतो. दोन्ही राग घेऊन मला तुझ्यासमोर बसता येणार नाही, आणि त्यांना आवाजावरून सगळं कळेल. दिवाळीला येऊ नकोस. त्यांना सांगेन की रजा मिळाली नाही. राग उतरला की मी आपणहून लिहीन, तोवर त्यांना पत्रं पाठवत राहा, मी सगळी नीट वाचून दाखवेन.

अजून काय लिहितेयस म्हणून विचारतायत. पत्ता लिहितेय म्हणून सांगितलं.

काकू